सहा गाद्या आणि एक खिडकी

गेले वर्षभर या जागी मी लोणच्याच्या बरणीपासून लोकलमधल्या चौथ्या सीटपर्यंत हाताला लागेल त्या विषयावर लिहीत आलो. एक विषय तेवढा टाळला, कारण त्यावर लिहायचे नाही अशी सौ.ची सक्त ताकीद होती. “लोक आपल्याला वेड्यात काढतील,” असे तिचे म्हणणे. परंतु दिवाळी अंकासाठी संपादकांनी नेहमीपेक्षा जास्त पाने दिली आहेत, आणि सौ. चकलीच्या भाजणीत गुंतलेली आहे. तेव्हा आता सांगूनच टाकतो. आम्ही आमच्या घरातली एक खोली गाण्याला दिली आहे.

मुंबईच्या आसपास राहणारे वाचक हे वाक्य पुन्हा एकदा वाचतील याची मला खात्री आहे. खोली लग्न झालेल्या मुलाला देतात, बारावीतल्या मुलीला देतात, फार झाले तर देवाला देतात. गाण्याला खोली द्यायला आपण काय संस्थानिक आहोत? हा प्रश्न सौ.ने पहिल्याच दिवशी विचारला होता आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज आहे, पण ते मला तेव्हा सुचणे शक्य नव्हते.

भाईंदर पूर्वेला जेसल पार्क म्हणून जो भाग आहे, तेथे आमचे बिऱ्हाड आहे. एका अंगाला रेल्वेचे रूळ, पुढे वसईची खाडी, खाडीच्या काठी चौपाटी. संध्याकाळी खाडीवरून वारा येतो आणि वाऱ्याबरोबर पुलावर चढणाऱ्या गाडीचा धडधडाटही येतो. गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून आम्ही येथे आलो, तेव्हा घर एकदम मोठे झाले. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या, आणि शिवाय दहा फूट बाय दहा फुटांची एक जादा खोली! ह्या जादा खोलीवर सर्वांचाच डोळा होता. सौ.ला ती पाहुण्यांसाठी हवी होती, चिरंजीवांना त्यांच्या घरबसल्या चालणाऱ्या नोकरीसाठी हवी होती, आणि मला अण्णांच्या तबकड्यांसाठी.

अण्णा म्हणजे आमचे वडील. वय वर्षे ८४. तरुणपणी गिरगावातल्या ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवात रात्र रात्र जागून गाणे ऐकलेला हा माणूस. ओव्हरटाइमचे पैसे हातात पडले की त्यांतला थोडा हिस्सा घरी येण्यापूर्वी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये खर्ची पडत असे. (ते दुकान २०१६ साली बंद झाले. आईला त्या बातमीने आनंद झाला असता. पण ती त्यापूर्वीच गेली.) अशा दोन ट्रंका भरून तबकड्या होत्या. आमीर खाँसाहेबांची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली; हिराबाईंच्या, मन्सूरांच्या; आणि पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या काही जुन्या, साडेतीन मिनिटांत संपणाऱ्या.

पण अण्णांनी स्वतः गाणे ऐकणे पाचसहा वर्षांपूर्वीच सोडले होते. “आता गाण्यात राम राहिला नाही,” एवढेच म्हणत. त्याच सुमारास त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रे आली होती. यंत्रांनी आवाज मोठा झाला, पण बोलणे कळेना. चिरंजीव म्हणत, “आजोबा, सहा वाजले.” अण्णा म्हणत, “नको, आत्ताच झाला.” त्यांनी ‘सहा’चा ‘चहा’ ऐकलेला असे. सुरुवातीला सारे हसलो. मग हसणे थांबले. मग हळूहळू त्यांच्याशी बोलणेच कमी झाले. तेही बोलेनासे झाले. जेवायला बसले की पानाकडे पाहून जेवत आणि उठून जात. स्वभाव तिरसट झाला, वय झाले, असे आम्ही आपसांत ठरवून टाकले.

तर ही खोली मी पदरात पाडून घेतली ती माझ्यासाठी, अण्णांसाठी नव्हे. हे प्रामाणिकपणे कबूल करतो. निवृत्त झालो होतो, तबकडी वाजवायचे यंत्र, ध्वनिवर्धक आणि दोन कर्णे जमवले होते. चिरंजीव म्हणाले, “बाबा, एवढा खटाटोप कशाला? चांगले हेडफोन घ्या.” हेडफोनवर मी काही दिवस ऐकलेही. पण त्यात गवई माझ्या दोन कानांच्या मध्ये, थेट कवटीत बसून गातो, हे काही मला मानवेना. गवई समोर बसला पाहिजे. आणि दुसरे असे, की हेडफोनवर ‘वाहवा’ कोणाला म्हणायची?

पहिल्या रात्री खोली धुऊनपुसून लख्ख केली, मधोमध एक खुर्ची मांडली आणि दरबारी लावला. वाचकहो, काय सांगू! खाँसाहेब पाण्याच्या टाकीत उतरून गात असावेत असा भास झाला. तबल्याच्या प्रत्येक बोलाला शेपूट फुटले होते. डग्गा वाजला की खोलीभर घुमार उठे आणि त्यात पुढची मात्रा बुडून जाई. त्यात भर म्हणून भिंतीशी उभे असलेले आमचे लोखंडी कपाट. दरबारीचा कोमल गंधार आंदोलित असतो हे जाणकारांना सांगायला नको. पण त्या गंधाराबरोबर कपाटाचे दारही आंदोलन घेऊ लागले.

मी तबकडी थांबवली आणि एक टाळी वाजवली. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा ‘टर्रर्र’ आवाज भिंतीभिंतींतून निघाला. हीच तबकडी चाळीत साध्या, सुटकेसएवढ्या यंत्रावर गोड लागत असे. मग बिघडले कुठे?

बिघडले होते ते खोलीत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. दहा फुटांच्या खोलीत त्याला सेकंदात शंभराहून जास्त वेळा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहावे लागते. गिलावा केलेली भिंत आणि काचेसारखी गुळगुळीत फरशी प्रत्येक वेळी त्यांतला शेकडा दोनतीन भाग खाते आणि बाकीचा इमानेइतबारे परत करते. विजापूरच्या गोल घुमटात शाळेच्या सहलीत सर्वांनी ओरडून पाहिलेले असते. १६५६ साली पुरी झालेली ती इमारत एवढी प्रचंड आहे, की आपला शब्द वेगवेगळा, मोजता येईल असा परत येतो. लहान खोलीत परत येणारे आवाज इतके लागोपाठ येतात की कान ते वेगळे करू शकत नाही. सगळ्यांचा मिळून एक चिखल होतो. न्हाणीघरात प्रत्येक माणूस गवई होतो तो याच चिखलाच्या जोरावर. बेसूर झाकायला तो चांगला. सुरेल माणसाचे मात्र त्यात वाटोळे होते.

चाळीतल्या खोलीतही भिंती होत्याच. पण तेथे आम्ही आठ माणसे होतो. कोपऱ्यात वळकट्यांचा डोंगर, दोरीवर कपडे, फळीवर बोचकी. आवाजाला आपटायला मोकळी भिंतच नव्हती! गरिबीने आमच्या गाण्याची सोय आपोआप केली होती आणि सुबत्तेने ती मोडली.

ही गोष्ट गणितात बसवणारा माणूस वॉलेस सॅबाईन. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८९५ साली फॉग म्युझियमची नवी इमारत बांधली. तिच्यातल्या व्याख्यानाच्या दालनात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे प्राध्यापकाचे पहिले वाक्य विरायच्या आत दुसरे सुरू. हे दालन सुधारण्याचे काम सॅबाईन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडले. तो काय करी, तर रात्री जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणी, त्या दालनात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवून ती बंद केल्यावर आवाज किती वेळ टिकतो ते मोजी, आणि सकाळपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवी. रात्रीची वेळ अशासाठी, की तेव्हा रस्त्यावरची वर्दळ थांबते. अंगातले कपडे बदलले तरी मोजमाप बदलते हे ध्यानात आल्यावर त्याने प्रयोगाचा एक पोशाखच ठरवून टाकला. ही हकिकत मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितली. त्या माणसाच्या घरी कोणी होते का, एवढेच तिने विचारले.

दोनतीन वर्षांच्या या गाद्या-उचलीतून १८९८ साली त्याला सूत्र सापडले, आणि त्याच सूत्राच्या आधाराने बांधलेले बॉस्टनचे संगीतगृह १९०० साली उघडले. सूत्र साधे आहे. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त टिकतो. आणि खोलीत आवाज गिळणारे सामान जितके जास्त, तितका तो लवकर विरतो. गिळण्याचे माप म्हणून सॅबाईनने काय घ्यावे? एक चौरस फूट उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे खिडकी शेकडा शंभर गिळते. एक माणूस ह्या मापाने सुमारे चारपाच चौरस फूट भरतो. म्हणून तर चांगल्या नाट्यगृहात खुर्च्यांना जाड गादी असते. माणूस आला नाही तरी त्याची रिकामी खुर्ची साधारण त्याच्याएवढाच आवाज गिळते आणि ओस प्रयोगालाही गायकाला तीच खोली मिळते. नरिमन पॉइंटच्या टाटा थिएटरची ध्वनिरचना करणारे सिरिल हॅरिस यांनाही हाच हिशेब मोठ्या आकड्यांत करावा लागला असणार. मी तो दहा बाय दहासाठी मागच्या पानावर पेन्सिलीने केला.

माझी खोली ९५० घनफुटांची. बंद खिडकी, दार, भिंती, फरशी सारे मिळून गिळणार पंचवीसएक चौरस फूट. म्हणजे आवाज पावणेदोन ते दोन सेकंद टिकणार. घरात गाणे ऐकायला तो अर्ध्या सेकंदाच्याही आत विरावा, तीनचार दशांशांवर यावा. त्यासाठी मला आणखी नव्वद चौरस फूट ‘उघडी खिडकी’ पाहिजे होती. खोलीची खरी खिडकी चार बाय चार, म्हणजे सोळा चौरस फूट. बाकीच्या खिडक्या आणायच्या कुठून?

येथे मध्येच एका चुकीचा कबुलीजबाब द्यायला हवा. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले, “अंड्यांचे ट्रे लावा. स्टुडिओत तेच असतात.” आमच्या शाकाहारी घरात मी तीस-तीस अंड्यांचे साठ ट्रे घेऊन आलो. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने सौ.कडे ज्या नजरेने पाहिले ती अजून घरात निघते. ट्रे चिकटवले, टाळी वाजवली; ‘टर्रर्र’ थोडे बोबडे झाले, बाकी सारे जागच्या जागी. कागदाचा तो पातळ पुठ्ठा वरच्या काही ठरावीक स्वरांवर थोडाफार परिणाम करतो. खालचे स्वर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. शिवाय तो कापरासारखा पेटतो. साठ ट्रे रद्दीवाल्याने फुकटसुद्धा नेले नाहीत.

खरे काम करते ते जाड, सच्छिद्र, हवा आत जाऊ देणारे सामान. हवेची कंपने त्याच्या धाग्यांत शिरतात, घासतात, आणि त्यांची थोडीशी ऊब होऊन संपतात. धंदेवाईक लोक त्यासाठी रॉकवूल म्हणजे दगडाची लोकर वापरतात. मी दुकानातून नमुना आणला, सौ.ने विचारले, हे एरवी कुठे वापरतात? कारखान्यात, बॉयलरवर, असे दुकानदाराने सांगितल्याचे मी सांगितले. नमुना त्याच दिवशी परत गेला.

मग मला सॅबाईनच आठवला. त्याने जे केले ते आपण का करू नये? गादी! चांगला पिंजलेला कापूस चार इंच जाड भरला तर मधल्या आणि वरच्या स्वरांचा शेकडा ऐंशी-नव्वद भाग सहज खातो. सहा फूट बाय तीन फुटांची गादी अठरा चौरस फुटांची. सहा गाद्या झाल्या म्हणजे एकशे आठ, वजावट जाऊन नव्वद. हिशेब इतका चोख जुळला की मी उठून उभा राहिलो. आणि सौ.ही पहिल्यांदा विरघळली. कारण सहा गाद्या घरात येणे हे कोणत्याही गृहिणीच्या दृष्टीने नुकसान नव्हे.

लहानपणी पिंजारी दारावर येई आणि त्याच्या धनुकलीच्या तारेचा ‘टण्‌ण्‌’ असा नाद चाळभर पसरे. एकाच सुरात, दुपारभर. आता कापूस यंत्रावर पिंजतात आणि त्या यंत्राचा सूर कोणाला आवडावा असा नाही. पण कापूस तसाच हलका निघतो. जुन्या, बसून दडस झालेल्या गाद्या उपयोगाच्या नाहीत, नव्याच हव्यात. अभ्ऱ्यावरून खटका उडाला. सौ.ला रेक्झीन हवे होते, पुसायला बरे म्हणून. पण रेक्झीनवर आवाज भिंतीसारखाच आपटतो. कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे गेली तर ते कापड चालेल. शेवटी मांजरपाटावर तह झाला. सुताराने लाकडी चौकटी करून दिल्या आणि गादी भिंतीपासून दोन इंच सुटी राहील असे मागे ठोकळे लावले. त्या दोन इंचांचे दोन फायदे. एक तर गादी थोड्या खालच्या स्वरांपर्यंत पोचते. आणि दुसरे, खाडीकाठच्या पावसाळ्यात मागे हवा खेळून बुरशी धरत नाही. तरी ऑक्टोबरात गच्चीवर ऊन द्यावेच लागते.

गाद्या कुठे टांगायच्या याची युक्ती फार सोपी आहे. आपण खुर्चीत बसायचे आणि दुसऱ्याने भिंतीला लावून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जेथे कर्णा दिसतो, तेथूनच आवाज आपटून आपल्या कानाशी येतो. तेथे गादी हवी. चिरंजीव अर्धा तास आरसा धरून भिंतीभिंतीने फिरत होते. दारातून सौ. पाहत होती. “चाळीस वर्षांत माझ्यासमोर कोणी दोन मिनिटं आरसा धरला नाही,” असे ती म्हणाल्याचे मला ऐकू आले. पण त्या वेळी खोली सुधारलेली नसल्यामुळे मी ते नीट कळले नाही असे दाखवले.

डग्ग्याचा घुमार मात्र गाद्यांना दाद देईना. खालच्या स्वरांची लाट फार लांब असते. सेकंदाला शंभर कंपनांच्या स्वराची लाट अकरा फुटांहून मोठी; चार इंचांची गादी तिला काय अडवणार? आणि चौरस खोली ही तर या बाबतीत शापित जागा. दहा फुटांच्या दोन भिंतींत साधारण ५७ कंपनांचा स्वर अडकून फुगतो. दुसऱ्या दोन भिंतींत तोच. साडेनऊ फुटांच्या छताखाली साठाच्या जवळचा. तिरप्या वाटेने फुगणारे स्वर पुन्हा ऐंशीच्या घरात एकमेकांना चिकटून. डग्गा तेथूनच जात-येत असतो. लांबी, रुंदी, उंची तीन तऱ्हेच्या असत्या तर हे भांडण वाटले गेले असते. बिल्डरांनी ‘दहा बाय दहा’ हे माप कोणत्या मुहूर्तावर पक्के केले कोण जाणे!

ह्या लाटांचा जोर कोपऱ्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून दोन कोपऱ्यांत जुन्या गोधड्या, रजया आणि वळकट्या फरशीपासून छतापर्यंत रचल्या. चाळीतला डोंगर भाईंदरला पुन्हा उभा राहिला. कपाट बाहेर गेले. मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी आली, आणि तिच्यात वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या मनात हा उपयोग खचितच नसेल; पण लहानमोठ्या, पुढेमागे झालेल्या जाड अंकांची रांग आवाजाला एकाच दिशेने परत न पाठवता चहूकडे विखरून टाकते. संपादकांना पाने वाढवण्यासाठी हे आणखी एक कारण.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा कोणती म्हणाल, तर खुर्ची मधोमध होती ती सरकवली. खोलीचा बरोबर मध्य ही खालच्या स्वरांना सर्वांत वाईट जागा. तेथे काही स्वर जवळजवळ नाहीसेच होतात. मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर खुर्ची आणली आणि डग्गा माणसात आला. पुरता नव्हे. ५७ च्या आसपास अजून थोडा उर्मटपणा करतो. तेवढा मी सोसतो.

आता राहिली ती खरी खिडकी. ती रुळांच्या बाजूला आहे. उघडली की सॅबाईनच्या हिशेबाने जवळजवळ एक गादी फुकट मिळते. पण तिच्यातूनच विरार लोकलही आत येते. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, ती मला पैसे घालवल्यावर कळली. आवाज गिळणे वेगळे आणि आवाज अडवणे वेगळे. गाद्यांनी खोलीतला घुमार जातो. बाहेरची गाडी थांबत नाही. तिला अडवायला वजन लागते, विटांची भिंत लागते, आणि फट अजिबात चालत नाही. म्हणून खिडकीच्या कडांना रबरी पट्ट्या लावल्या. गाडीचा आवाज निम्म्याने तरी कमी झाल्यासारखा वाटतो. पण खिडकी बंद केली की उकडते, पंखा लावला की पंख्याची घरघर. आलापीला पंखा बंद, द्रुतला चालू, अशी तोड काढली आहे. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. तेथे भिंत नाही, फरशी नाही, लोकल तर नाहीच. परंतु हवाही नाही, म्हणजे ऐकायचे कसे? त्या मानाने भाईंदर बरे.

असो. आता मूळ गोष्टीकडे येतो.

खोली पुरी होऊन आठदहा दिवस झाले असतील. बाहेर रंगाचे काम निघाले होते, म्हणून अण्णांना दुपारी त्या खोलीतल्या खुर्चीत बसवले होते. डोळे मिटलेले. मी खाली बसून तबकड्या पुसत होतो. सौ. दारात आली, आणि ते झोपले असतील म्हणून अगदी हलक्या आवाजात मला म्हणाली, “चहा टाकू का आत्ता, की उठल्यावर?”

“टाक. झोपलो नाही मी,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “आणि साखर जरा बघून घाल. काल गोड झाला होता.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. सौ.च्या हातात फडके होते ते तसेच राहिले. पाच वर्षांत ह्या घरात अण्णांशी कोणी ओरडल्याशिवाय बोलले नव्हते.

योगायोग असेल म्हणून संध्याकाळी परीक्षा घेतली. चिरंजीवांनी बाहेरच्या खोलीत अण्णांच्या पाठीमागे उभे राहून वर्तमानपत्र वाचले. अण्णांना दहांतले दोनतीन शब्द कळले, तेही अंदाजाने. मग तेच पान, तेवढ्याच आवाजात, गाद्यांच्या खोलीत. अण्णांनी बातमी ऐकली आणि तिच्यातल्या मंत्र्यावर मत दिले. शेवटी चिरंजीव म्हणाले, “आजोबा, सहा वाजले.” अण्णांनी घड्याळाकडे पाहिले. “पाच मिनिटं कमी आहेत,” म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. मला वाटले, की हे आम्हांला आधी कोणी का सांगितले नाही. वयाबरोबर ऐकणे जाते ते वरच्या पट्टीकडून. स, श, च, ट, फ ही व्यंजने त्याच पट्टीत, आणि मुळातच बारीक. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालचे आणि दणकट. म्हातारपणी स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. म्हणून ‘ऐकू येते पण कळत नाही’. त्यात घुमणारी खोली असली म्हणजे मागच्या स्वराचे शेपूट पुढच्या व्यंजनावर पडते आणि उरलेसुरले तेही झाकून टाकते. कानातले यंत्र बिचारे आवाज मोठा करते. पण शब्द कुठला आणि भिंतीवरून आलेला कुठला हे त्याला नीट निवडता येत नाही. दोन्ही मोठे होतात. तरुण कान हा कचरा न सांगता बाजूला सारतो. म्हणून आमच्यापैकी कोणालाच बाहेरच्या खोलीत काही बिघडले आहे असे कधी वाटले नाही.

“तुम्ही सगळे तोंडात पाणी धरून बोलता,” असे अण्णा सुरुवातीला चिडून म्हणत. ते खरेच सांगत होते. त्यांना पाणीच ऐकू येत होते. गाण्यातला रामही जागच्या जागी होता. त्याच्या जोडीला चार भिंती आणि फरशी एकदम बोलत होत्या, एवढेच. हे सारे कळल्यावर त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. पाच वर्षे पानाकडे पाहून जेवणारा माणूस डोळ्यांपुढे येत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन मारवा मागितला. तबकडी संपली तरी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तानपुरा नेहमी एवढा ऐकू यायचा का रे?” गेलेले ऐकणे परत आले असे मुळीच नाही, वरचे बारीक नाद गेले ते गेलेच. पण जे उरले होते ते तरी आता स्वच्छ मिळत होते.

तेव्हापासून ती खोली गाण्याची राहिलेली नाही. खुर्ची अण्णांची झाली. सकाळी चिरंजीव तेथे वर्तमानपत्र वाचून दाखवतात, दुपारी सौ. भाजी निवडायला तेथेच बसते, संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ, तेही कानांत यंत्र घातलेले, येऊन बसतात आणि दोघे मिळून गिरगाव पुन्हा वसवतात. मला तबकडी लावायची तर ‘जरा थांब, बोलतोय’ असे उत्तर मिळते. बाहेरच्या खोलीतही आता जाड पडदे आणि सतरंजी आली आहे; ती सौ.ने स्वतः आणली, मी काही बोललो नाही.

गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण शकू सहकुटुंब आली. सात माणसे. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले. मी मुकाट्याने सहाही गाद्या चौकटींतून काढून खाली अंथरल्या. मनातून मात्र धास्ती होती, की आता अण्णांचे काय? पेन्सिल काढली. गादी भिंतीवर असो की जमिनीवर, खोलीत आहे तोवर सॅबाईनच्या हिशेबात तिचा आकडा फारसा कमी होत नाही. वर सात माणसे, प्रत्येकी चारपाच चौरस फूट. फरशी झाकली गेली ती वेगळीच. खोली सुधारली होती! खाली गाद्या, पाठीशी लोडासारख्या वळकट्या, दाटीवाटीने बसलेली माणसे. आपल्या जुन्या बैठकींचा दिवाणखाना याहून निराळा काय असे?

भाऊबीजेच्या रात्री सारे तेथेच बसले होते. ओवाळून झाले होते, फराळाची ताटे फिरत होती, चारजण एकदम बोलत होते, बाहेरून फटाके आणि पुलावरची गाडी. शकू सौ.च्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “वहिनी, अण्णांना अनारसा नका देऊ हं. साखर वाढलीय म्हणे.”

“वाढली असेल,” खुर्चीतून आवाज आला. “पण अनारसा मी ऐकला.”

सौ.ने डबा उघडला.